समोर शंभर, पलीकडे एक

तालुक्याच्या एका गावी वाचनालयाच्या सभागृहात व्याख्यान होतं. विषय विहिरींच्या पुनर्भरणाचा, वक्ते त्याच कामात मुरलेले, सभागृह गच्च. निवेदन माझ्याकडे होतं. दीड तास कुणी जागचं हललं नाही. शेवटी वक्त्यांभोवती एवढा गराडा पडला की त्यांचा चहा गार झाला.

रात्री घरी आल्यावर मी थेट प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग लावलं आणि दहाव्या मिनिटाला बंद केलं. वक्ते चौकटीच्या कडेला अर्धे कापले गेले होते. मागे प्रोजेक्टरचा लख्ख पडदा असल्यामुळे चेहरा काळवंडलेला. आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. सभागृहातून कुणी काय विचारलं ते ऐकूच आलं नाही. ऐकू आलं ते नुसतं उत्तर. आणि दीड तासात एकदाही, मी धरून कुणीच, लिंकवरून ऐकणाऱ्यांना साधा नमस्कारही केला नव्हता. आपल्या गावचा माणूस बोलतोय म्हणून परगावी, परदेशी आवर्जून बसलेल्या लोकांना आम्ही दाराबाहेर उभं ठेवलं होतं.

त्या रात्रीपासून मी या गोष्टीकडे गांभीर्याने पाहायला लागले. पुढच्या कार्यक्रमांत जे शिकले ते इथे मांडते आहे. व्याख्यानं देणारे, शाळा-कॉलेजात शिकवणारे, आरोग्यावर बोलणारे डॉक्टर, कार्यालयात सादरीकरण करणारे आणि हे सगळं घडवून आणणारे कार्यकर्ते, अशा सगळ्यांसाठी.

दोन श्रोते, दोन परिस्थिती

पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केली. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या आपले वक्ते समोरच्या चेहऱ्यांवरून भाषण तोलत आले. चुळबुळ दिसली की गोष्ट सांगायची, डोळे चमकले की मुद्दा खोलात न्यायचा. पुढे २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शनचं मुंबई केंद्र सुरू झालं आणि वृत्तनिवेदक घराघरांत पोहोचले. त्यांच्यासमोर सभा नव्हती. त्यांना फक्त घरातल्या माणसाशी बोलायचं होतं. आजच्या वक्त्याला ही दोन्ही कामं एकाच वेळी करावी लागतात, आणि अडचण तिथेच आहे.

सभागृहातला माणूस गर्दीचा भाग असतो. शेजारी हसला की तोही हसतो. कंटाळला तरी उठून जायला संकोचतो. पडद्यापलीकडचा माणूस एकटा असतो. फोन डब्याला टेकवून तो भाजी निवडत असेल, नाहीतर लोकलमध्ये एका कानात इयरफोन घालून उभा असेल. तो निघून गेला तर कुणाला कळतही नाही. म्हणून सभागृहात शंभर जणांशी बोलता बोलता कॅमेऱ्यापलीकडच्या एका माणसाशी बोलता आलं पाहिजे. हे साधलं की बाकीचं बरंचसं आपोआप जमतं.

कीर्तनकारांना ही गोष्ट फार पूर्वीपासून माहीत आहे. पूर्वरंगातलं निरूपण सगळ्या सभेसाठी असतं, पण उत्तररंगात आख्यान रंगात आलं की बुवा पहिल्या रांगेतल्या एखाद्या आजींकडे वळतात आणि विचारतात, "काय आजी, खरं ना?" आजी मान डोलावतात आणि प्रत्येकाला वाटतं, हे आपल्यालाच विचारलं. कॅमेरा म्हणजे त्या आजी, एवढं मनात पक्कं करा.

आधी आवाज

चित्र थोडं धूसर असलं तरी लोक ऐकत राहतात. आवाज नीट नसेल तर चित्र कितीही देखणं असो, दोन मिनिटांत माणूस निघून जातो. म्हणून तयारीतला पहिला वेळ आवाजाला द्या.

सभागृहात आवाज चांगला येतोय म्हणून निर्धास्त होऊ नका. सभागृहातल्या लोकांना तो स्पीकरमधून मिळतो. मागे उभ्या केलेल्या कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माईकला मात्र भिंतींवर आपटून आलेला आवाज, पंख्यांची घरघर आणि शेजारच्या खुर्चीची करकर असं सगळं एकत्र मिळतं. माईक आणि तोंड यांतलं अंतर दुप्पट झालं की थेट पोहोचणाऱ्या आवाजाची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते; खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. विहिरीतला आवाज म्हणतो तो हाच. उपाय सोपा आहे. साउंडवाल्या दादांना आधीच सांगा, "मिक्सरमधून कॅमेऱ्याला वेगळी लाईन द्या." ही एक वायर जोडली की निम्मं काम झालं.

वक्त्याला कॉलर माईक सर्वांत सोयीचा. हनुवटीपासून साधारण वीतभर खाली, छातीच्या मधोमध लावावा. एका प्राध्यापिकांच्या व्याख्यानात सबंध वेळ बारीक खटखट ऐकू येत होती. तारांची तपासणी झाली, माईकची बॅटरी बदलली, खटखट चालूच. शेवटी मी इयरफोन लावून त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्या मान वळवत तेव्हा मंगळसूत्राच्या वाट्या माईकवर आपटत होत्या. सभागृहात कुणाला पत्ता नव्हता, पण इयरफोन लावलेल्या प्रत्येकाच्या कानात तो आवाज जात होता. माईक चार बोटं बाजूला, पदराच्या काठाच्या आत घेतला आणि खटखट थांबली. लांब हार, कुर्त्याच्या खिशातलं पेन, सळसळणारं रेशीम, टेबलावर टेकणाऱ्या बांगड्या, सत्काराच्या शालीचे गोंडे यांचंही तसंच. सत्कार झाल्यावर शाल खुर्चीवर ठेवूनच बोलायला उभं राहावं.

हातातला माईक असेल तर तो हनुवटीपाशी धरा आणि मान वळली की हातही वळू द्या. आणि "मला माईकची गरज नाही, माझा आवाज खणखणीत आहे," असं कधीही म्हणू नका. तुमचा आवाज सभागृहाला पुरेल. माईकशिवाय तो दुबईला किंवा डोंबिवलीला पोहोचणार नाही.

कॅमेऱ्याची जागा आणि नजर

बहुतेक ठिकाणी कॅमेरा सभागृहाच्या शेवटी, भिंतीला टेकवून, उंचावर ठेवतात. त्यात श्रोत्यांच्या पाठी दिसतात आणि वक्ता बाहुलीएवढा. कॅमेरा मधल्या वाटेवर, तिसऱ्या-चौथ्या रांगेच्या जवळ आणा. मागच्यांना अडचण होणार नाही इतपत बाजूला, पण शक्य तेवढा मध्यभागी. उंची अशी ठेवा की भिंग वक्त्याच्या डोळ्यांच्या पातळीजवळ येईल. इथे कॅमेरा ठेवण्याचा मोठा फायदा हा की श्रोत्यांकडे पाहताना वक्त्याची नजर सहजच कॅमेऱ्याकडे जाते. त्याला वेगळं वळावं लागत नाही.

चौकट कमरेपासून वर घ्या. हात दिसले पाहिजेत, कारण आपण मराठी माणसं हातांनी बरंच काही सांगतो. वक्त्याला चालत बोलायची सवय असेल तर ती मोडू नका, व्यासपीठावर रंगीत चिकटपट्टीने दोन खुणा करा आणि सांगा, "या दोन खुणांच्या मधे तुम्ही कुठेही फिरा, आम्हाला दिसता."

आता नजर. सभागृहाचे मनातल्या मनात तीन भाग करा: डावा, मधला, उजवा. कॅमेरा हा चौथा भाग. नजर या चारही ठिकाणी फिरू द्या, पण भिरभिरू देऊ नका. एका ठिकाणी एक वाक्य पूर्ण करावं आणि मगच नजर हलवावी. कॅमेऱ्याकडे ओझरतं पाहून नजर काढून घेतली तर पलीकडच्याला वाटतं, हे चुकून झालं. तिथे पूर्ण वाक्य बोललात तर त्याला वाटतं, हे माझ्यासाठी होतं. निदान तीन वेळा हे जाणूनबुजून करा: सुरुवातीच्या नमस्काराला, प्रत्येक मोठ्या मुद्द्याचं सार सांगताना आणि शेवटच्या वाक्याला.

घरून किंवा कार्यालयातून लॅपटॉपवर बोलत असाल तर लॅपटॉपखाली दोन जाड शब्दकोश ठेवा, म्हणजे भिंग डोळ्यांच्या रेषेत येईल. समोरच्यांचे चेहरे दिसणारी खिडकी ओढून भिंगाच्या बरोबर खाली आणा. भिंगाशेजारी एक छोटी पिवळी चिठ्ठी चिकटवा आणि तिच्यावर तुमच्या जवळच्या माणसाचं नाव लिहा. आपण काचेच्या ठिपक्याशी बोलतोय, ही भावना त्या नावाने कमी होते. माझ्या चिठ्ठीवर माझ्या मावशीचं नाव असतं. तिला समजेल असं बोललं की सगळ्यांना समजतं, हा माझा अनुभव.

प्रकाश आणि कपडे

प्रकाश चेहऱ्यावर यावा, पाठीमागून नाही. घरात असाल तर खिडकीकडे तोंड करून बसा. डोक्यावरच्या ट्यूबलाईटने डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, म्हणून समोरून थोड्या उंचीवर एखादा दिवा असू द्या. चष्मा चकाकत असेल तर दिवा आणखी वर आणि बाजूला सरकवा.

सभागृहात मुख्य शत्रू म्हणजे वक्त्याच्या मागचा प्रोजेक्टरचा पडदा. कॅमेरा त्या उजेडाला भुलतो आणि चेहरा काळा करतो. पडदा बाजूला घ्या, वक्ता दुसऱ्या बाजूला उभा करा. मोबाईलने चित्रण करत असाल तर फोनच्या स्क्रीनवर वक्त्याच्या चेहऱ्यावर बोट काही क्षण दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये प्रकाशाचं प्रमाण त्या चेहऱ्याला धरून पक्कं होतं. चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर दोष वीजप्रवाहाशी न जुळण्याचा असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे. कॅमेरा सेकंदाला २५ चित्रांवर आणि शटर १/५० वर ठेवलं, किंवा ॲपमधला फ्लिकरचा पर्याय ५० हर्ट्‌झवर नेला, की पट्टे जातात.

कपड्यांबाबत दोनच गोष्टी सांभाळा. बारीक चौकडी आणि बारीक रेघा टाळा. कॅमेऱ्यात त्या लाटांसारख्या थरथरतात. झगझगीत पांढरा कुर्ता किंवा सदरा टाळा. त्यानेही चेहरा काळवंडतो. फिका निळा, मातकट, गर्द हिरवा असे शांत रंग उठून दिसतात. घरून बोलताना मागे खोटं समुद्राचं किंवा ग्रंथालयाचं चित्र लावू नका. हात हलला की बोटं गायब होतात. आपली साधी भिंत त्याहून कितीतरी बरी.

भाषणाची बांधणी

दूरचा श्रोता उशिरा येतो, मधेच उठतो, परत येतो. त्याला धागा पुन्हा सापडला पाहिजे. म्हणून प्रत्येक आठ-दहा मिनिटांनी एक वाक्य असं ठेवा: "आतापर्यंत आपण पाणी जमिनीत कसं मुरतं ते पाहिलं, आता ते विहिरीपर्यंत कसं न्यायचं ते पाहू." सभागृहातल्यांनाही ते उपयोगीच पडतं.

सभागृहाचा हशा पलीकडे नीट पोहोचत नाही. म्हणून ज्याची सगळी मदार लोकांच्या प्रतिसादावर आहे असा विनोद टाळा. सांगण्यातच मजा आहे असा घ्या. समोर काही घडलं तर ते शब्दांत सांगा. एखाद्या आजोबांनी हात वर केला आणि सगळे हसले, तर कॅमेऱ्याकडे वळून म्हणा, "इथे पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी सांगितलं की त्यांची विहीर याच पद्धतीने भरली." एवढ्याने पलीकडचा माणूस त्या सभागृहात येऊन बसतो.

स्लाइड करताना लक्षात घ्या की एकच स्लाइड सभागृहात भिंतीएवढी आणि फोनवर तळहाताएवढी दिसणार आहे. एका स्लाइडवर एकच गोष्ट, पाच-सहा ओळींपेक्षा जास्त नको. तयार झालेली स्लाइड स्वतःच्या फोनवर उघडून हात लांब करून वाचता येते का पाहा. लेझरचा लाल ठिपका फक्त सभागृहात दिसतो. स्क्रीन शेअर करून पाहणाऱ्याला तो दिसतच नाही. त्यामुळे "इथे बघा" न म्हणता "डावीकडचा निळा स्तंभ बघा" असं म्हणा, किंवा माउसचा बाण वापरा.

आणि वेळेचा मान राखा. दीपप्रज्वलन, परिचय, हारतुरे, शाल-श्रीफळ यांत पाऊण तास गेला तर सभागृहातले लोक गप्पा मारत थांबतात. दूरचा श्रोता रिकामं व्यासपीठ पाहून उठतो. औपचारिक भाग दहा-पंधरा मिनिटांत बसवा आणि मुख्य भाषण किती वाजता सुरू होईल ते लिंकसोबतच कळवा. रात्री साडेआठच्या आपल्या कार्यक्रमासाठी उन्हाळ्यात लंडनचा माणूस दुपारी चारला, न्यू जर्सीचा सकाळी अकराला आणि सिंगापूरचा रात्री अकराला बसलेला असतो.

प्रश्नोत्तरं आणि दुवा

प्रत्येक कार्यक्रमात एका व्यक्तीला फक्त दूरच्या श्रोत्यांसाठी नेमा. मी तिला दुवा म्हणते. तिने पहिल्या रांगेत लॅपटॉप घेऊन बसावं, चॅट वाचावा आणि आवाज गेला किंवा चित्र अडकलं तर हात वर करून लगेच सांगावं. भाषण चालू असतानाही हात वर करण्याचा अधिकार तिला द्या आणि वक्त्याला तो आधी सांगून ठेवा. दूरच्या श्रोत्याला सभागृहात स्वतःचा हात वर करता येत नाही. तिचा हात म्हणजे त्याचा हात.

सभागृहातला प्रश्न माईकमध्येच विचारला जावा. माईक पोहोचला नाही तर वक्त्याने किंवा निवेदकाने तो प्रश्न आपल्या शब्दांत पुन्हा सांगावा. यामुळे उत्तर देणाऱ्याला विचार करायला दोन क्षण मिळतात, हा वरचा लाभ. दुसरा प्रश्न हमखास दूरच्या श्रोत्याचा घ्या. शेवटी वेळ उरला तर घेऊ, असं म्हटलं की तो वेळ कधीच उरत नाही.

यूट्यूबसारख्या माध्यमावर चित्र काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत मागे असतं. "ऑनलाइन कुणाला काही विचारायचंय?" असं म्हणून तीन सेकंदांत पुढे गेलात, तर तो प्रश्न त्यांच्या कानावर पडायच्या आत तुम्ही दार लावून घेतलंत. भाषण संपण्याच्या पाच मिनिटं आधीच प्रश्न लिहायला सांगा. मीटिंगच्या ॲपवर हा उशीर अगदी कमी असतो, तरी मनात एक-दोन म्हणून मगच बोला, म्हणजे एकमेकांवर बोलणं होत नाही. दूरच्या माणसाचा आवाज सभागृहात ऐकवायचा असेल तर एकाच लॅपटॉपचा आवाज मिक्सरला जोडा आणि बाकी सगळी यंत्रं म्यूट करा. नाहीतर माईक शिट्टी मारायला लागतो.

आदल्या दिवशी आणि तासभर आधी

तालमीशिवाय नाटक उभं राहत नाही, तसंच हेही. आदल्या दिवशी त्याच जागी, त्याच दिव्यांत, तोच माईक लावून दोन मिनिटं बोला आणि रेकॉर्डिंग इयरफोन लावून ऐका. कार्यक्रमाच्या तासभर आधी घरच्या कुणाला तरी मोबाईल डेटावर लिंक उघडायला सांगा आणि विचारा, "दिसतं का, ऐकू येतं का, अक्षर वाचता येतं का?"

सभागृहातलं वाय-फाय श्रोते आले की मंदावतं, म्हणून शक्य असेल तिथे केबल जोडा. अपलोडचा वेग सलग चार-पाच एमबीपीएस मिळाला तर चांगल्या चित्राला पुरतो. दुसऱ्या कंपनीचं सिम घातलेला फोन हॉटस्पॉटसाठी तयार ठेवा. वीज जाते हे गृहीत धरून राउटर इन्व्हर्टरवर घ्या. लिंक तुटली तरी रेकॉर्डिंग राहावं म्हणून कॅमेऱ्याच्या कार्डावरही चित्रण चालू ठेवा. चित्रण होत आहे हे श्रोत्यांना सुरुवातीलाच सांगा. लहान मुलं असतील तर पालकांना विचारा.

एवढं करूनही मधेच काही बंद पडेल. तेव्हा वक्त्याने गडबडू नये. दुव्याने हात वर केला की सभागृहाला शांतपणे सांगावं, "दूरचे श्रोते क्षणभर तुटले आहेत, आपण एक मिनिट थांबू." ते परत आल्यावर दोन वाक्यांत मागचा मुद्दा सांगावा आणि पुढे जावं. कुणाला दोष देऊ नये. साउंडवाले दादा आधीच घामाघूम झालेले असतात.

पुढच्या वर्षी त्याच वाचनालयात पुन्हा व्याख्यान होतं. वक्ते तेच. या वेळी मिक्सरची लाईन होती, तिसऱ्या रांगेशेजारी तिपाई होती, व्यासपीठावर चिकटपट्टीच्या दोन खुणा होत्या आणि पहिल्या रांगेत लॅपटॉप घेऊन अकरावीतली एक मुलगी दुवा म्हणून बसली होती. रात्री साडेआठला वक्ते उभे राहिले, सभागृहाला नमस्कार केला, मग कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, "सिंगापूरला आता अकरा वाजलेत. झोप बाजूला ठेवून आपल्या विहिरींबद्दल ऐकायला बसलात, तुमचे आभार."

त्या मुलीने लगेच हात वर केला. काही बिघडलं की काय म्हणून मी धावत तिच्याकडे गेले. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं होतं, "काका, ऐकतोय. आमच्या मळ्यातल्या विहिरीचं काय करायचं तेवढं सांगा."